तेवढं करून टाकू!

मराठी घरांत सुतारकामाच्या ठेकेदाराबद्दल दोनच मतं असतात. एक, ‘देवमाणूस आहे हो!’ आणि दुसरं, ‘पुन्हा दारात उभं करणार नाही.’ ‘बरं केलं, चार गोष्टी राहिल्या, पण एकंदरीत ठीक’ असं मधलं मत रंगाऱ्याबद्दल ऐकू येतं, प्लंबरबद्दल येतं, फार काय जावयाबद्दलही येतं; सुताराबद्दल मात्र येत नाही. त्यातही जरा खोलात चौकशी केली, तर बी विंगमधला देवमाणूस आणि डी विंगमधला चोर हा एकच इसम असल्याचं निघतं. त्याचे कारागीर तेच, करवत तीच, प्लायचं दुकान तेच आणि ‘साहेब, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्यही तेच. आता एकच माणूस एका लिफ्टमधून देव होऊन उतरत असेल आणि दुसरीतून चोर होऊन, तर त्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. त्या दोन घरांत काय ठरलं होतं आणि काय ठरायचं राहिलं होतं, ते पाहायला हवं. माझं म्हणणं असं, की सुतारकामाचे बरेवाईट अनुभव सुताराच्या बरेवाईटपणामुळे जेवढे येतात, त्याहून कितीतरी जास्त मोघमपणामुळे येतात. आणि हा मोघमपणा ठेकेदार एकटा आणत नाही. मालक आणि ठेकेदार मिळून, एकमेकांच्या संपूर्ण संमतीने, पहिल्याच भेटीत चहाबरोबर त्याची प्रतिष्ठापना करतात.

ती पहिली भेट ऐकण्यासारखी असते. ‘साधारण किती येईल?’ ‘तुम्ही कसं करून घेता त्यावर आहे.’ ‘चांगलंच करायचंय, पण फार भारी नको.’ ‘होऊन जाईल.’ ‘मटेरियल चांगलं वापराल ना?’ ‘हलकं मटेरियल आपण हातात धरत नाही, साहेब.’ ‘आणि वरचा तो माळा?’ ‘तेवढं करून टाकू.’ एवढ्या बोलण्यावर काही लाखांचं काम ठरतं. मेथीची जुडी तीनदा उलटीपालटी करून घेणारे गृहस्थ इथे ‘साधारण’ आणि ‘चांगलं’ या दोन विशेषणांवर सही न करता सही करतात. कारागीर राजस्थानातले किंवा उत्तर प्रदेशातले असले, की हाच मोघमपणा हिंदीत जातो आणि त्यात आपल्या हिंदीची भर पडते. या शब्दांना माप नसतं, आणि म्हणूनच ते दोन्ही बाजूंना प्रिय असतात. ‘तेवढं करून टाकू’ याचा मालकांनी लावलेला अर्थ ‘पैसे न घेता’ असा असतो. ठेकेदाराने लावलेला अर्थ ‘पैसे मागाहून सांगतो’ असा असतो. खुलासा विचारला तर दोघांपैकी एकाचा तोटा नक्की, म्हणून दोघंही विचारत नाहीत. मालकांकडेही त्यांचं स्वतःचं एक मोघम नाणं असतं: ‘नीट करा, यानंतर आमच्या मेव्हण्यांच्या फ्लॅटचं काम आहे.’ मेव्हण्यांना याची कल्पना नसते. काही प्रसंगी मेव्हण्यांना फ्लॅटही नसतो.

मापाचंच पाहा. सुतारकामात इंचाचे आठ सूत करतात आणि दाराला सूतभर फट राहिली तरी चांगला कारागीर अस्वस्थ होतो. एवढ्या बारकाव्याच्या धंद्यात पैसे मात्र ‘फुटाला अमुक’ या दरावर ठरतात, आणि तो फूट कुठला हे कोणी विचारत नाही. सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असं एक सरळसाधं कपाट घ्या. समोरून मोजलं तर ते ४२ स्क्वेअर फूट भरतं. आता त्याला लागणारा जाड प्लाय मोजू. दोन बाजू २८ फूट, वरचा आणि खालचा तुकडा २४, मधला उभा पडदा १४, पाच फळ्या ३० आणि दारं ४२; बेरीज १३८. मागची पातळ पाठ यात धरलेली नाही. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये ३२ फूट असतात, म्हणजे कापाकापीत वाया जाणारं धरून पाच शीट लागणार. एक ठेकेदार समोरच्या फुटावर दर सांगतो, तो महाग वाटतो. दुसरा प्लायच्या फुटावर सांगतो, तो स्वस्त वाटतो. आपण दुसऱ्याला काम देतो आणि बिलाच्या दिवशी दर ४२ ऐवजी १३८ ने गुणलेला पाहून छातीवर हात ठेवतो. तिसऱ्याच्या दरात ड्रॉवर धरलेले नसतात, माळा वेगळा मोजलेला असतो आणि हॅण्डल ‘पार्टीचे’ असतात. यांच्यापैकी गुणाकारात कोणीही चुकलेलं नसतं. गुणाकारात चूक असती तर भांडण पाच मिनिटांत मिटलं असतं.

मापानंतर माल. प्लायची भारतीय मानकं ठरलेली आहेत. सर्वसाधारण कामाच्या प्लायला आयएस ३०३, त्यातही ओलाव्यात टिकणारा आणि त्याहून अधिक पाणी सोसणारा असे प्रकार. आणि ज्याला सगळे ‘मरीन’ म्हणतात त्याला आयएस ७१०. या मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरीही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. (मालकांना काम संपेपर्यंत याहून बराच जास्त काळ उकळावं लागतं, पण त्यांच्यावर शिक्का मारायची पद्धत नाही.) तेव्हा ‘चांगलं मटेरियल’ याऐवजी ‘सिंकखाली ७१०, बाकी आत ३०३, जाडी १८ मिलिमीटर, पाठ सहा मिलिमीटर’ असं म्हणता येतं. पण तसं म्हणायला आधी दुकानात जाऊन विचारावं लागतं, आणि मग दरही त्याच भाषेत ऐकावा लागतो. त्यापेक्षा ‘चांगलं’ बरं. त्यात मालकांना ७१० दिसतो आणि ठेकेदाराला जे त्या दिवशी दुकानात शिल्लक असेल ते. शिक्का असतो शीटवर. शीट कापली जाते, वर सनमायका बसतो, आणि १९५९ सालापासून या देशातल्या सुतारांच्या हाताशी असलेल्या फेविकॉलची सगळी कीर्तीच अशी आहे, की एकदा बसलेलं उचकटून आत काय आहे ते बघण्याची सोय राहत नाही. आत काय होतं ते वाळवी लागल्यावर कळतं. वाळवीचा दाखला ग्राह्य धरावा असा असला तरी तो फार उशिरा मिळतो.

इथे एक हरकत हमखास येते: ‘अहो, पण ही जातच लबाड!’ या हरकतीला आपल्या म्हणींतच उत्तर आहे. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी अप्पा यांची संगत नको, असं बजावणारी जुनी म्हण सर्वांना ठाऊक आहे. पूर्वजांनी एवढी मोकळ्या मनाने बदनामी केली, पण त्या यादीत सुतार नाही. का नसावा? यादीतल्या तिघांचा धंदा बघितला तर कारण लक्षात येतं. सोन्यात काय मिसळलं, कापडाचा किती तुकडा उरला आणि दप्तरात काय लिहिलं, हे तिन्ही प्रश्न गिऱ्हाइकाच्या नजरेआड सुटायचे. सुताराचं काम मात्र अंगणात चालायचं. साग, फणस किंवा बाभूळ जे काही असेल ते घरमालकाने स्वतः आणलेलं, ओंडका सर्वांसमोर पडलेला, ढलप्या चुलीत गेलेल्या. रंधा मारला की लाकडाची रेघ न रेघ दिसायची. गाठ असेल तर गाठही दिसायची. संशयाला जागाच नव्हती. म्हणजे माणसावर अविश्वास येतो तो त्याच्या जातीधंद्यामुळे नव्हे, माप आणि माल दिसेनासा झाल्यामुळे. सनमायकाने लाकूड झाकलं आणि सुतारही बिचारा त्या यादीत जाऊन बसला. सोनाराने दरम्यान हॉलमार्क लावून घेतला आणि यादीतून बाहेर पडायची खटपट केली.

आता वेळ. ‘महिन्यात देतो’ यातला महिना मालक भिंतीवरच्या कॅलेंडरचा समजतात. ठेकेदाराच्या महिन्यात फक्त कामाचे दिवस असतात. सोसायटीच्या नियमाने रविवारी ठोकाठोकी बंद, दुपारच्या झोपेच्या वेळी बंद, संध्याकाळी सहानंतर बंद. मग गणपती, १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा, खंडेनवमीला हत्यारांची पूजा, दिवाळी, बिहारकडचे कारागीर असतील तर छठ आणि परत येईपर्यंत कोणाच्या तरी बहिणीचं लग्न. हे सगळे सण वर्षानुवर्षं त्याच सुमारास येत असले, तरी काम ठरवताना दोन्ही पक्षांना त्यांचा विसर पडलेला असतो. त्यात प्रत्येक घराला काम हवं असतं ते दिवाळीच्या आत किंवा वास्तुशांतीच्या आत. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजी पंचांग बघून देतात, सुताराची वही बघून देत नाहीत. ‘ठेकेदार पाच घरांना एकच तारीख देतो’ ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण ज्याने ‘साहेब, दिवाळीआधी जमणार नाही, मार्गशीर्षात सुरू करू’ असं सांगितलं, त्याला काम कोणी दिलं? त्याच्याबद्दल आपण ‘जरा आखडूच वाटला’ असा शेरा मारून पुढच्याला फोन केला. खरी तारीख सांगणारे असे पहिल्याच फेरीत बाद होतात. उरतात ते दिवाळीचा शब्द देणारे, आणि त्यांतून निवड केल्यावर आपण म्हणतो की या धंद्यात शब्दाला किंमत नाही.

पैशांच्या हप्त्यांची तऱ्हा याहून उद्बोधक आहे. निम्मी रक्कम आगाऊ, प्लाय आल्यावर काही, ‘मुलांना गावी पाठवायचं आहे’ म्हणून काही, ‘सनमायका उचलायचाय’ म्हणून आणखी काही, असं करत काम सत्तर टक्के होतं तोवर पैसे नव्वद टक्के गेलेले असतात. उरलेलं तीस टक्के काम दहा टक्के पैशांत करायचं, असा सौदा ठेकेदारापुढे असतो. तो तोट्याचा आहे हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. तो दुसऱ्या साइटवर जातो. त्यानंतर त्याचं नाव मोबाइलमध्ये ‘सुतार’ असतं ते ‘सुतार उचलत नाही’ असं होतं. शिल्लक राहतात एक ड्रॉवर, शू रॅकची दोन हॅण्डल आणि देवघराची कडी. पण हाच देखावा पलीकडून बघा. काम सगळं झालं आहे, मालकांनी शेवटचे वीस हजार राखून ठेवले आहेत, कारण आतल्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात, विजेरी लावून पाहिल्यास दिसेल असा एक ओरखडा आहे. ओरखडा निघतो, मग बिजागरी कुरकुरते; बिजागरी गप्प होते, मग काकूंना रंग फोटोतल्यापेक्षा फिका वाटतो. वीस हजार पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच. असे दोन मालक भेटले की ठेकेदार शहाणा होतो आणि तिसऱ्या मालकाच्या अंदाजपत्रकातच ती रक्कम आधी घालून ठेवतो. तिसऱ्या मालकाचा दोष असतो तो दोघांच्या नंतर आल्याचा.

‘खर्च मात्र नेहमी दुप्पट होतो, याला काय म्हणाल?’ हा प्रश्न रास्त आहे. पण ही खोड इथल्याच ठेकेदारांची, असं मानणाऱ्यांसाठी एक परदेशी पुरावा आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की माणसं स्वतःच्या कामाचा वेळ आणि खर्च हटकून कमी धरतात. कानेमन यांनी पुढे आपल्या पुस्तकात अमेरिकेतली २००२ सालची एक पाहणी दिली आहे. स्वयंपाकघर नव्याने करून घेणाऱ्या घरमालकांनी सरासरी १८,६५८ डॉलर खर्च धरला होता. प्रत्यक्षात लागले ३८,७६९. म्हणजे लेखी करार, वकील आणि लेसरचं माप असलेल्या देशातही आकडा दुपटीपलीकडे गेला. त्याचं एक मोठं कारण कानेमन सांगतात ते मालकांना न आवडणारं आहे: काम सुरू झाल्यावर इच्छा वाढतात, आणि ठेकेदाराचा खरा नफा असतो तो या वाढीव कामात. आपल्याकडे ही वाढ व्हॉट्सॲपवरून येते. सकाळी भाचीने पाठवलेला फोटो दुपारी सुताराला दाखवला जातो, ‘असं काहीतरी करता येईल का?’ येतंच. संध्याकाळी शेजारचे काका येतात आणि टीव्हीमागे उभ्या पट्ट्या हव्या होत्या असं सुचवून निघून जातात. पट्ट्या बसतात. प्रत्येक वेळी ‘याचे किती?’ हा प्रश्न ओठांवर येतो आणि भिडेने परत जातो. हिशेबाच्या दिवशी या सगळ्या भिडेची बेरीज एका आकड्यात समोर येते आणि तिला आपण लूट म्हणतो.

कामाच्या मध्ये डोकावण्याची ही सवय जुनी आहे. पुरीच्या जगन्नाथाची कथा सर्वश्रुत आहे. राजा इंद्रद्युम्नाकडे विश्वकर्मा म्हाताऱ्या सुताराच्या रूपाने आला आणि मूर्ती घडवायला तयार झाला. अट एकच: एकवीस दिवस दार उघडायचं नाही. काही दिवसांनी आतून ठोकण्याचा आवाज येईना. राणीचा जीव राहीना. दार उघडलं, सुतार अंतर्धान पावला आणि मूर्ती हातापायांवाचून तशाच राहिल्या. भक्तांसाठी या कथेचा अर्थ फार मोठा आहे आणि त्याला धक्का लावण्याचा इथे हेतू नाही. पण निव्वळ व्यवहार म्हणून पाहिली, तर अर्धवट राहिलेल्या सुतारकामाची आपल्याकडची ही सर्वांत प्रसिद्ध हकिगत, आणि तिच्यात सुताराने शब्द मोडलेला नाही. मोडला तो मालकांनी. यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे काय, आवाज बंद झाला तरी बघायचं नाही?’ बघायलाच हवं. आवाज बंद होणं ही आजही अत्यंत गंभीर खूण आहे. त्या ठरावात उणीव एवढीच होती, की मध्ये कधी आणि काय पाहायचं हे ठरलेलं नव्हतं. एक तर एकवीस दिवस मुळीच नाही, नाहीतर दार ढकलून एकदम. आपली देखरेखही याच दोन टोकांवर चालते. आठवडाभर कोणी फिरकत नाही, आणि मग एका संध्याकाळी आख्खं कुटुंब जाऊन ओट्याखालचं सगळं बदलायला सांगून येतं. प्लाय आला की शिक्का पाहणं, सांगाडा उभा राहिला की माप पाहणं, सनमायका चिकटवण्याआधी रंग पाहणं, एवढ्या तीन भेटी आधीच ठरल्या तर दोन्ही बाजूंचा जीव राहील.

‘पूर्वी कुठे होते लेखी करार? शब्दावर वाडे उभे राहिले,’ ही पुढची हरकत. वाडे उभे राहिले हे खरं, पण मोघमपणावर राहिले नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुतेदारीचा तपशील वाचला तर व्यवहार किती नेमका होता हे कळतं. नांगर-कुळव दुरुस्त करणं सुताराने बलुत्यात करायचं, त्याबद्दल सुगीला धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. नवी कामं निराळी, त्यांची मजुरी निराळी. कोणतं काम बलुत्यातलं आणि कोणतं बाहेरचं, हे आख्ख्या गावाला पाठ होतं. कागद नव्हता, कारण गाव हाच कागद होता. शिवाय सुताराला गाव सोडून जाता येत नव्हतं, आणि सुताराला दुखावून शेतकऱ्यालाही पेरणी करता येत नव्हती. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होते आणि ती परत यावी असं कोणी म्हणू नये. पण तिच्यातली साक्ष गेली, शेजार गेला, पिढ्यांची ओळख गेली, आणि आपण फक्त ‘शब्दावर काम’ एवढंच वारसा म्हणून ठेवून घेतलं. आज ठेकेदाराचा पत्ता म्हणजे एक मोबाइल नंबर, आणि आपलीही ओळख त्याच्या फोनमध्ये ‘पार्टी, तिसरा मजला’ एवढीच.

‘लिहून घेतलं की माणूस दुखावतो’ ही सर्वांत नाजूक हरकत. पण आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होत असत. पंगती किती, मानपान कोणाला, वराच्या मामांना शाल की उपरणं, हे दोन्हीकडची वडीलधारी माणसं कागदावर लिहीत आणि त्यानंतर पेढे खात. पुढची पन्नास वर्षं ज्यांच्याशी नातं ठेवायचं त्यांच्याकडून उपरण्याचं लिहून घेताना आपल्या मराठी संकोचाला काही झालं नाही. महिन्याभराने जायच्याच असलेल्या माणसाकडून बिजागऱ्या कुठल्या ते लिहून घेताना मात्र आपल्याला त्याच्या भावनांची काळजी वाटते. खरं तर चांगल्या ठेकेदाराला कागद आवडतो. काकूंना रंग फिका वाटला त्या दिवशी त्याच्या बाजूने बोलणारं घरात दुसरं कोणीच नसतं.

‘मग सरळ मॉड्युलर कंपनीकडेच जावं,’ असं म्हणून काही लोक सुटका करून घेतात. तिथे करार असतो, छापील असतो आणि चांगला पंधरा-वीस पानी असतो. पण त्यात मोघमपणा नसतो असं नाही. तो बारीक टाइपात असतो. भिंत फोडणं, नळ सरकवणं, ग्रॅनाइट कापणं आणि जुनं काढून टाकणं हे ‘समाविष्ट नाही’ या सदराखाली सापडतं. शिवाय कारखान्यातली पेटी काटकोनात बनते, आणि आपल्या बिल्डरने भिंती बांधताना काटकोनाबद्दल उदार धोरण ठेवलेलं असतं. मधली फट बुजवायला शेवटी पट्टी लागते, आणि ती पट्टी बसवायला कंपनीही एक सुतारच पाठवते. तोही म्हणतो, ‘तेवढं करून टाकू.’

राहता राहिला कायदा. १८७२ च्या करार कायद्याला तोंडी करारही चालतो. अडचण तो सिद्ध करण्याची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. आयोग साहजिकच विचारणार, ‘बिल दाखवा.’ इथे आपली पंचाईत होते. कारण ठेकेदाराने ‘बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी लागेल’ असं म्हटल्यावर आपणच डोळा मिचकावून ‘राहू द्या हो, घरचंच आहे’ म्हटलेलं असतं. अठरा टक्के वाचवले त्याच क्षणी तक्रारीचा पुरावाही वाचवला, म्हणजे जन्मालाच येऊ दिला नाही. नवीन इमारतीतल्या रहिवाशांना कधीकधी रेराची आठवण होते. पण रेराखालची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरची आहे, आपण आणलेल्या सुताराच्या ड्रॉवरशी तिचा संबंध नाही.

चांगले अनुभव येतात त्या घरांत काय वेगळं असतं, ते आता सांगता येईल. तिथला ठेकेदार पहिल्या भेटीत कमी आश्वासनं देतो आणि जास्त प्रश्न विचारतो: गाद्यांचं माप काय, साडीची घडी किती रुंद, सर्वांत उंच डबा केवढा, बॅगा माळ्यावर जाणार की पलंगाखाली. ओल असलेल्या भिंतीला कपाट लावायला तो नकार देतो. गावाला कधी जाणार ते आधी सांगतो. आणि तिथले मालकही एक गोष्ट वेगळी करतात: ते एका कागदावर पंधरा ओळी लिहितात. फूट कुठला धरायचा. आतला प्लाय कुठल्या मानकाचा, किती जाडीचा. सनमायका किती जाड. बिजागऱ्या आणि चॅनेल कुठल्या कंपनीचे. कोणत्या टप्प्याला किती पैसे. शेवटचे दहा टक्के कशावर, आणि ते काम दाखवल्यापासून किती दिवसांत द्यायचे. वाढीव कामाचा दर काय. राडारोडा कोण उचलणार. यामुळे हलका कारागीर उत्तम होत नाही आणि मुळातला ठक साधू होत नाही, हे कबूल. ठकाला कागद दाखवला की तो बहुधा ‘दुपारी येतो’ म्हणून निघून जातो, आणि त्याचं न येणं हाच त्या कागदाचा पहिला फायदा. बाकीचे, म्हणजे या धंद्यातले बहुसंख्य, साधी पोटार्थी माणसं असतात. आपल्यासारखीच, जमलं तर थोडं जास्त मिळवू आणि नाही जमलं तर निदान शिव्या टाळू म्हणणारी. त्यांना देव करायची गरज नाही आणि चोर ठरवायचीही नाही. काय, किती, कितीला आणि केव्हा, एवढं त्यांच्यासमोर बसून लिहून काढा. पेन सापडलं नाही तर सुताराच्या कानावर पेन्सिल असतेच, ती मागून घ्या. आणि लिहून झालं की आठवणीने परत करा, नाहीतर ती वाढीव कामात धरली जाईल.